हृदयाच्या पंपाचा अलार्म वाजला तर

माझ्या भाऊजींच्या कमरपट्ट्याला एक डबी असते. मोबाइलपेक्षा थोडी मोठी आणि चांगली जाड. तिच्यातली एक केबल पोटाच्या कातडीतून आत शिरते आणि दुसऱ्या दोन केबल काखांखाली बांधलेल्या दोन बॅटऱ्यांकडे जातात. डबीवर एक हिरवा दिवा आहे. तो लागलेला असला म्हणजे आतला पंप फिरतो आहे, आणि पंप फिरतो आहे म्हणजे भाऊजींच्या अंगात रक्त खेळते आहे.

दोन वर्षांपूर्वी ते ऑपरेशन करून दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी परतले, तेव्हा ताईने मला एकच प्रश्न विचारला होता. "हे रातच्याला वाजलं तं मी काय करू रे?" रुग्णालयात आम्हा दोघांना सगळे शिकवले होते. परीक्षाही घेतली होती. पण दिवसा नर्सच्या समोर केलेले वेगळे आणि लाइन गेलेल्या घरात एकटीने करायचे वेगळे. तिला जे उत्तर हळूहळू सापडले तेच इथे लिहितो आहे. असा पंप घेऊन आणखी कोणी विदर्भातल्या एखाद्या गावात राहत असेल तर त्याच्या घरच्यांना उपयोग व्हावा.

एक गोष्ट आधी सांगतो. भाऊजींचा पंप हार्टमेट ३ जातीचा आहे, त्यामुळे दिवे, आवाज, आकडे हे सगळे त्याच्याबद्दल आहे. हार्टवेअर नावाचा दुसरा एक पंप २०२१ मध्ये विकायचा बंद झाला, पण तो ज्यांच्या छातीत आधीच बसला आहे त्यांची कमरेची डबी वेगळी आणि आवाजही वेगळे. तुमच्या रुग्णालयाने जे लिहून दिले असेल ते या लेखाच्या वर समजा.

आता हा पंप करतो काय, ते. आपल्याकडे हे समजवायला विहिरीची मोटर पुरते. हृदयाचा डावा कप्पा म्हणजे विहीर. उजवा कप्पा रक्त फुप्फुसात पाठवतो, तिथून ते स्वच्छ होऊन या विहिरीत येते, आणि डाव्या कप्प्याने ते जोर लावून साऱ्या शरीराला पुरवायचे असते. भाऊजींच्या डाव्या कप्प्यात तो जोर उरला नव्हता. म्हणून कप्प्याच्या टोकाला पंप बसवला आणि पंपातून निघालेली नळी महाधमनीला जोडली. पंपात एक छोटे चाक आहे. ते चुंबकाच्या बळावर अधांतरी राहते, कशालाच टेकत नाही, आणि मिनिटाला साधारण पाच-सहा हजार फेरे घेते. शरीराच्या आत मात्र त्याला वीज देणारे काही नाही. वीज बाहेरून, त्या पोटातल्या केबलमधून जाते. तिला ड्राइव्हलाइन म्हणतात. आणि कमरेची डबी, म्हणजे कंट्रोलर, ही विहिरीवरच्या स्टार्टरची पेटी.

हे ऑपरेशन करावे की नाही म्हणून आमच्या घरात महिनाभर वाद चालला होता, म्हणून दोन आकडे सांगतो. २००१ साली या प्रकारच्या पंपाची पहिली मोठी तपासणी छापून आली, तेव्हा पंप बसवलेल्यांपैकी दोन वर्षांनी २३ टक्के लोक हयात होते आणि नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी ८ टक्के. २०२२ साली हार्टमेट ३ चा अभ्यास आला, त्यात पाच वर्षांनी सुमारे ५८ टक्के हयात होते. खर्च मात्र कोटीच्या घरात जातो. त्यामुळे असे पेशंट फार थोडे, आणि तालुक्याच्या डॉक्टरने तर असा माणूस कधी पाहिलेलाही नसतो. याचा अर्थ असा की अलार्म वाजल्यावर पहिली पाच मिनिटे जाणकार माणूस म्हणजे घरातलाच माणूस.

त्या पाच मिनिटांसाठी ताईचा एक नियम आहे. तो तिने सासूबाईंपासून भाच्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसवला आहे. "पयले पाह्य, मंग हात लाव."

यामागे कारण आहे. काही वाजायला लागले की आपला हात आपोआप वायरीकडे जातो. टीव्ही बिघडला, पिन काढून पुन्हा लाव. मोटर अडकली, फ्यूज काढून बघ. वर्षानुवर्षांची सवय. या डबीपाशी तीच सवय जीवघेणी आहे. अलार्मने स्वतः कोणाला काही होत नाही, पण घाबरून दोन्ही बॅटऱ्या एकदम काढल्या किंवा ड्राइव्हलाइन ओढून पाहिली तर होऊ शकते.

मग पाहायचे काय? आधी हिरवा दिवा. तो लागलेला आहे ना? मग श्वास घ्या, पंप चालू आहे आणि तुमच्याकडे विचार करण्याइतका वेळ आहे. नंतर दिव्यांचा रंग आणि आवाज. थांबून थांबून बीप बीप आणि पिवळा दिवा म्हणजे लक्ष द्या, पण धावपळ नको. न थांबता एकसुरी आवाज आणि लाल दिवा म्हणजे आत्ता, याच क्षणी. शेवटी स्क्रीन. स्क्रीनवर शब्द येतात ते इंग्रजीत. ताई दहावीपर्यंत शिकलेली, इंग्रजी वाचायला तिला वेळ लागतो आणि घाबरलेली असली की अक्षरे नाचतात. म्हणून भाच्याने कपाटाच्या दाराच्या आतून एक पुठ्ठा लावला आहे. त्यावर प्रत्येक अलार्मचे इंग्रजी शब्द स्क्रीनवर दिसतात तसेच कोरले आहेत, शेजारी मराठी अर्थ, आणि शेजारी काय करायचे ते एका ओळीत. ती अक्षरे वाचत नाही, चित्र जुळवावे तशी जुळवते. मला हा पुठ्ठा त्या घरातली सगळ्यात कामाची वस्तू वाटते.

कंट्रोलरवर आवाज बंद करायचे बटण आहे. ते दाबल्याने फक्त आवाज थांबतो, तोही थोड्या वेळापुरता. बिघाड तसाच राहतो. स्क्रीन वाचून झाल्याशिवाय ते दाबायचे नाही असे ताईने ठरवले आहे, कारण शांत झाले की घरातला प्रत्येक जण समजतो की कोणीतरी दुरुस्त केले.

सगळ्यात जास्त वेळा वाजणारा अलार्म विजेचा. खेड्यात तर नक्कीच.

कंट्रोलरला दोन केबलमधून वीज येते, एक पांढरी आणि एक काळी. दोन्हींना एकेक बॅटरी. एका केबलची वीज गेली तरी दुसरीवर पंप आरामात चालतो, फक्त बीप वाजतो आणि त्या केबलजवळ पिवळा दिवा लागतो. म्हणजे बॅटरी बदलताना प्रत्येक वेळी हा अलार्म वाजणारच, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. नियम एकच, एका वेळी एकच. पांढरीची बॅटरी काढली, नवी लावली, क्लिपमध्ये, म्हणजे बॅटरी बसते त्या खाचेत, टक् आवाज आला, बीप थांबला, मगच काळीला हात. नव्या बॅटऱ्यांची जोडी १७ तासांपर्यंत पुरते, जुनी होत जाते तसे तास घटतात. बॅटरीवरच बटण आहे, दाबले की चार हिरवे दिवे लागतात, एकेक दिवा म्हणजे साधारण पाव भाग. जवळपास १५ मिनिटांची वीज उरली की पिवळा इशारा येतो. पाचच मिनिटांची उरली की लाल. पिवळ्यावर बदला. लालची वाट पाहू नका, कारण त्या टप्प्याला वीज वाचवायला पंप आपली गती कमी करतो.

रात्री झोपताना बॅटऱ्या नसतात. तेव्हा दोन्ही केबल घरच्या विजेवर चालणाऱ्या एका पेटीला जोडलेल्या असतात. झोपेत बॅटरीचा इशारा ऐकू येईलच असे नाही, म्हणून हा नियम. आता आपल्याकडे रात्री लाइन गेली की काय होते? दोन्ही केबलची वीज एकदम जाते, लाल दिवा लागतो, आवाज सुरू होतो. पण पंप थांबत नाही, कारण कंट्रोलरच्या पोटात एक छोटी राखीव बॅटरी आहे आणि ती किमान १५ मिनिटे पंप चालवते. ही पंधरा मिनिटे ताईला पाठ आहेत. मागच्या आषाढात वीज कडाडून लाइन गेली तेव्हा मी तिथे होतो. ती उठली, मोबाइलचा टॉर्च दातात धरला, उशाला ठेवलेली क्लिप लावलेली पहिली बॅटरी घेतली. पेटीची पांढरी केबल सोडवली, दोन्ही टोकांवरच्या अर्धचंद्राच्या खुणा बोटाने चाचपून समोरासमोर आणल्या, दाबली, कडे हाताने फिरवून आवळले. मग काळी. भाऊजी आडवेच होते. "झालं?" एवढेच म्हणाले. मी घड्याळ पाहिले नाही, पण दोन मिनिटे सुद्धा लागली नसतील. कडे आवळायला तिने एकदा पक्कड घेतली होती, तेव्हा रुग्णालयातल्या कोऑर्डिनेटर बाई फोनवरच ओरडल्या होत्या. हातानेच आवळायचे, पक्कड-पान्हा लावला की आतल्या पिना वाकतात.

या एका प्रसंगामागे घरात आधीच केलेली बरीच कामे आहेत. ती कोणत्याही पुस्तकात आपल्या घरासारखी लिहिलेली नसतात, म्हणून सविस्तर सांगतो. अमेरिकेतल्या सूचनांत असते की भिंतीवरच्या स्विचने बंद होणाऱ्या सॉकेटला ही पेटी लावू नका. आपल्याकडे तर प्रत्येक सॉकेटला शेजारी स्विच असतोच. मग भाऊजींच्या सॉकेटचा स्विच चालू करून त्यावर जाड चिकटपट्टी मारली आणि वर लाल अक्षरात "हात लावू नये" लिहिले. पाहुणे आले की झोपताना सवयीने सगळे स्विच बंद करतात, हे लक्षात ठेवा. एक्स्टेन्शन बोर्ड नको, सॉकेट तीन पिनांचे हवे आणि त्याची अर्थिंग खरी हवी. आमच्या घरी अर्थिंगची तार होती पण ती अंगणात नुसती मातीत खुपसलेली. वायरमनने खड्डा करून कोळसा-मीठ भरून पुन्हा केली, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी टाकायची जबाबदारी सासूबाईंनी घेतली आहे. रोज तुळशीला घालतात तसे तिथेही एक तांब्या.

शेतातल्या खोलीत मुक्काम करायचा मोह भाऊजींना होतोच, विशेषतः हरभऱ्याच्या राखणीला. तिथे शेतीची लाइन, ती पाळीने येते आणि पाळीने जाते. गावठाणाच्या लाइनची आणि तिची बरोबरी नाही. म्हणून मुक्काम गावातच. महावितरणच्या कार्यालयात अर्ज देऊन ठेवला आहे की या घरात जीव वाचवणारे यंत्र विजेवर चालते, आणि लाइनमनचा नंबर ताईच्या फोनमध्ये पहिल्या पानावर आहे. इन्व्हर्टर घ्यावा का असे बरेच जण विचारतात. आम्ही कोणता घ्यायचा आणि त्यावर काय चालवायचे हे रुग्णालयाला विचारून ठरवले, तुम्हीही तसेच करा. दुकानदाराला विचारून नको. आणि चार बॅटऱ्या चार्जरमध्ये कायम भरलेल्या असल्या तर दिवसभर लाइन नसली तरी झोप उडत नाही.

आता तो अलार्म, ज्याची मला स्वतःला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण त्यात केबल, बॅटरी, डबी सगळे ठीक असते आणि तरी जीव धोक्यात असू शकतो. हृदयाच्या आकाराचा लाल दिवा, एकसारखा आवाज, आणि स्क्रीनवर लो फ्लो, म्हणजे प्रवाह कमी. पंपातून जाणारे रक्त मिनिटाला अडीच लिटरपेक्षा खाली आले की हा वाजतो. पंपात काही मीटर बसवलेला नाही. चाकाची गती आणि त्याला लागणारी वीज यावरून कंट्रोलर हिशेब करून अंदाज काढतो. पण अंदाज म्हणून दुर्लक्ष करायचे नाही.

पुन्हा विहिरीकडे या. मोटर फिरते आहे पण पाट कोरडा, असे कधी होते? पहिले म्हणजे विहिरीतच पाणी नाही. मे महिन्यात झरे आटतात, मोटर हवा ओढते. शरीराचेही तसेच. उलट्या, हगवण, घाम, कमी पाणी पिणे, यांनी रक्तातला पाण्याचा भाग घटतो आणि पंपाला ओढायला पुरेसे मिळत नाही. अंगातून कुठे रक्त जात असेल तरी तेच. या पेशंटना रक्त पातळ ठेवायची गोळी असते, त्यामुळे आतड्यातून रक्तस्राव होण्याची भीती राहते. डांबरासारखी काळी शी झाली तर ते रक्तच आहे असे समजून फोन करा. दुसरे, विहिरीत पाणी आणणारा झराच मंद पडला. म्हणजे हृदयाचा उजवा कप्पा थकला किंवा हृदयाचे ठोके बिघडले. मग पाय सुजतात, पोट फुगते, वजन वाढते. तिसरे, पुढची नळी बसली. ठिबकच्या नळ्या गाळाने तुंबल्या की मोटर तेवढीच फिरते पण झाडापाशी थेंब येत नाही. रक्तदाब वाढला की पंपाला तसाच विरोध होतो. पंपातून निघणारी नळी मुरगळली किंवा बाहेरून दाबली गेली तरी हेच, आणि ते फक्त रुग्णालयातच कळते.

शेतकऱ्याची पहिली कल्पना असते की मोटरचा जोर वाढवावा. भाऊजी आजही विचारतात, "स्पीड वाढवून देता नाई का येत?" घरी तो बदलता येत नाही, आणि तेच बरे आहे. आटलेल्या विहिरीत मोटर जोरात फिरवली तर काय होते हे त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त माहीत.

गेल्या अक्षय तृतीयेच्या आसपास हा अलार्म आमच्याकडे खरोखर वाजला. लग्नाच्या पंगतीत जेवून आल्यावर भाऊजींना दोन दिवस जुलाब लागले होते. बाहेर ४४-४५ चा पारा. ताई रोज सकाळी एका वहीत डबीच्या स्क्रीनवरचे चार आकडे, वजन आणि ताप लिहिते. त्या सकाळी वजन दोन किलोने उतरलेले दिसत होते आणि तिने ठरवले होते की दुपारी फोन करू. दुपार व्हायच्या आतच डबी वाजली. तिने पाहिले. हिरवा आहे. लाल हृदय आहे. पुठ्ठ्यावर अक्षरे जुळवली. दोन्ही केबल घट्ट आहेत. भाऊजींना पडवीतून आत आणून आडवे केले आणि कोऑर्डिनेटरला फोन लावला. तिकडून प्रश्न आले, वजन किती, लघवी किती वेळा आणि कोणत्या रंगाची, शीचा रंग काय, चक्कर आहे का, बोलताना जीभ अडखळते का. वहीमुळे तिला सगळ्यांची उत्तरे देता आली. थोडे थोडे मीठ-साखरेचे पाणी पाजत यवतमाळला न्या, तिथल्या डॉक्टरांना आमच्याशी बोलायला सांगा, असे ठरले.

खरे दुखणे पुढे होते. ऑपरेशनच्या आधी बरीच वर्षे भाऊजींना पाणी मोजून प्यायला सांगितले होते, कारण अशक्त हृदयाला जास्त पाणी झेपत नाही. पंप बसला, गरज बदलली, पण भीती तशीच राहिली. तहान लागली तरी ते अर्ध्या पेल्यावर थांबायचे. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे भारी पडते. दिवसाला किती पाणी, उन्हाळ्यात किती, जुलाब लागले तर किती, हे तीन आकडे रुग्णालयाकडून वेगवेगळे लिहून घ्या. आणि ऊन फक्त माणसाला लागत नाही. बॅटऱ्या आणि कंट्रोलर ४० अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवले आहेत. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. बंद गाडीत, पत्र्याच्या शेडखाली, बंडीवर उन्हात बॅटरीची पिशवी ठेवू नका. अकरा ते पाच सावलीत, शक्य तर कूलरच्या खोलीत. कूलरचे पाणी मात्र उडणार नाही एवढे अंतर ठेवा.

यवतमाळला त्या दिवशी जे झाले ते सांगणे भाग आहे. एका दवाखान्यात तरुण डॉक्टरने मनगट धरले, नाडी लागेना. बीपीचे मशीन तीनदा लावले, तीनदा एरर. त्याचा चेहरा पांढरा पडला आणि भाऊजी समोर बसून त्याच्याशी बोलत होते. पंपातून रक्त ठोक्यांनी न जाता सलग वाहते, म्हणून अशा माणसाची नाडी बहुधा लागत नाही आणि साधे बीपी मशीन गोंधळते. डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकणाऱ्या यंत्राने, मोजावे लागते. शेवटी तो डॉक्टर म्हणाला की ही वायर काढून बघू का, आणि ताईने डबीवर दोन्ही हात ठेवले. मी त्याला दोष देत नाही, त्याने असा माणूस आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता आणि फोनवर बोलल्यावर त्याने सलाइन फार नीट दिले. पण त्या दिवसानंतर रुग्णालयाकडून एक पत्र घेतले, मराठीत आणि इंग्रजीत, लॅमिनेशन करून. या माणसाच्या छातीत पंप आहे. नाडी लागणार नाही. स्टेथोस्कोप छातीला लावला तर गुणगुण ऐकू येईल. केबल काढू नये. एमआरआय करू नये. या नंबरवर फोन करावा. एक प्रत पिशवीत, एक प्राथमिक आरोग्य केंद्रात, एक आशाताईंकडे. १०८ ला फोन करायची वेळ आली तर पहिल्याच वाक्यात हेच सांगायचे.

माणूस बेशुद्ध पडला तर? नाडी नाही म्हणून सगळे संपले असे कोणी म्हणू लागले तर ऐकू नका. श्वास आहे का बघा, हिरवा दिवा बघा, छातीला कान लावून गुणगुण ऐका. केबल सुटली असेल तर लावा. पंप चालू असेल आणि माणूस तरी उठत नसेल तर कारण दुसरे असू शकते, साखर उतरणे किंवा मेंदूचा झटका. पंप बंद, तो सुरू होत नाही आणि श्वासही नाही, तर छाती दाबण्याबाबत काय करायचे हे रुग्णालयाकडून आधीच लिहून घ्या. पूर्वी या पेशंटची छाती दाबायला लोक कचरत, पंप निसटेल म्हणून. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये स्पष्ट केले की रक्त पोचत नसेल तर छाती दाबावी. विजेचा झटका देण्याची वेळ आली तरी पंप सोडवायची गरज नसते.

पान्ह्याच्या चित्राचा पिवळा दिवा लागला तर पंपाला लगेच धोका नाही, पण आत कुठेतरी दुरुस्तीचे काम आहे. स्क्रीन वाचून त्याच दिवशी फोन करा. आठवडी बाजार झाल्यावर करू, असे नको.

राहिला सगळ्यात भयंकर प्रसंग. हिरवा दिवा विझला, लाल हृदय, एकसारखा आवाज. पहिली शंका ड्राइव्हलाइनची. कंट्रोलरच्या बाजूला ती सुटली आहे का? सुटली असेल तर लगेच बसवा, कुलूप फिरवा, पंप आपोआप सुरू होतो. नंतर दोन्ही वीज केबल. सगळे जोडलेले आहे तरी पंप बंद, तर फोन लावून त्यांच्या सांगण्याप्रमाणे राखीव कंट्रोलर लावायचा. भाऊजींना बसवून किंवा आडवे करून, कारण त्या काही क्षणांत चक्कर येते. राखीव कंट्रोलरला आधी बॅटऱ्या जोडायच्या, तो वाजायला लागेल, वाजू द्या. मग जुन्या कंट्रोलरची ड्राइव्हलाइन सोडवून नव्यात घालायची. नवा हिरवा झाला की मगच जुन्याची वीज काढायची. हा क्रम घाईत उलटा होतो, म्हणून पुठ्ठ्यावर तो सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे. पंप बराच वेळ बंद राहिला असेल तर आत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, आणि मग पुन्हा सुरू करायचा की नाही हे डॉक्टरांनीच सांगायचे.

राखीव कंट्रोलर कपाटात ठेवून भाऊजी एकदा किराणा आणायला गेले होते. शंभर पावलांवर दुकान. ताईने त्या दिवशी जेवण वाढले नाही. आता पिशवी खिळ्याला टांगलेली असते आणि ती उचलल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नाहीत. आत राखीव कंट्रोलर, दोन भरलेल्या बॅटऱ्या, दोन क्लिपा, पत्र, गोळ्यांची यादी.

रोज सकाळी चहाच्या आधी भाऊजी कंट्रोलरवरचे बॅटरीचे बटण पाच सेकंद दाबून धरतात. सगळे दिवे एकदम लागतात, सगळे आवाज वाजतात, म्हणजे डबी वाजायच्या लायकीची आहे. शेजारचे कुत्रे त्या आवाजाला सरावले आहे. आणि दर रविवारी भाचा डोळ्यांवर रुमाल बांधून बसतो. भाऊजींच्या अंगावरच्या सामानाला हात न लावता, चार्जरमधली एक बॅटरी आणि सुटी क्लिप घेऊन, खुणा बोटांनी शोधून ती बसवतो. ताई बाजूला तांदूळ निवडत असते आणि टक् आवाज आला की मान न उचलता म्हणते, "आता दुसरी."